पंगतीकडून टेबलाकडे : पणजीची जुनी खाद्यगृहे

गोव्याला निघालेल्या मराठी माणसाचा पहिला प्रश्न देवळांचा असतो, दुसरा समुद्राचा आणि तिसरा, जो मनातून पहिलाच असतो, जेवणाचा. पणजीपुरते बोलायचे तर या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर अवघड नाही, कारण पणजी हे पायी हिंडण्याचे गाव आहे. चर्चच्या पांढऱ्या पायऱ्या, समोरचे पालिका उद्यान, तेथून एकतीस जानेवारी रस्ता, पुढे फोंतेन्हास आणि मळा हा सारा परिसर अर्ध्यापाऊण तासात पालथा घालता येतो. सवड असेल तर मांडवीच्या काठाने कांपाल ओलांडून चालत राहावे. तीनएक किलोमीटरवर मिरामारची वाळू पायाला लागते. एवढ्या टापूत सकाळच्या भाजीपावापासून रात्रीच्या हुमण-भातापर्यंत सर्व काही मिळते.

परंतु हाच प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वी, याच रस्त्यावर उभ्या राहिलेल्या एखाद्या हिंदू गृहस्थाने विचारला असता, तर त्याला समाधानकारक उत्तर मिळणे कठीण होते. ‘कुठे जेवावे’ याच्या आधी त्याच्यासमोर दुसराच प्रश्न उभा असे : आपल्या घराबाहेर, परक्याच्या हातचे, अनोळखी माणसाच्या शेजारी बसून जेवावे काय? पणजीतील जुन्या खाद्यगृहांचा इतिहास हा मुख्यतः या प्रश्नाच्या उत्तराचा इतिहास आहे, असे आमचे मत आहे. ते उत्तर कोणी ग्रंथ लिहून दिले नाही. ते भाजीपावाच्या बशीतून आले.

गावाची जन्मकथा थोडक्यात सांगितली पाहिजे. आदिलशाही वाड्याभोवतीची काही घरे, पाणथळ जमीन आणि माडांची बने, एवढीच जुनी पणजी. १६३३-३४ मध्ये रायबंदरपर्यंतचा लांबलचक दगडी बांध झाला आणि गाव राजधानीशी जोडले गेले. रोगराईने ओस पडू लागलेल्या जुन्या गोव्यातून १७५९ साली व्हाइसरॉयने आपले बिऱ्हाड येथे हलवले. पुढे मानुएल द पोर्तुगाल ई काश्त्रू या व्हाइसरॉयच्या कारकिर्दीत, म्हणजे १८२७ ते १८३५ या काळात, दलदल बुजवून सरळ रस्ते आखले गेले. आज आपण सुखाने चालतो ते हेच रस्ते. १८४३ साली पणजी अधिकृतपणे राजधानी झाली. फोंतेन्हास हा भाग त्याआधीचा, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आफ्रिकेतील मोझांबिकहून पैसा कमावून आलेल्या एका भाटकाराने आपल्या माडांच्या बागेत वसवलेला. टेकडीच्या पायथ्याच्या झऱ्यांवरून त्याला हे नाव पडले.

या गावात हिंदू होते, पण बेताने होते. तिसवाडीसारख्या जुन्या काबिजादींत देवळे पाडली गेली होती आणि नवी बांधण्यास बंदी होती. पणजीचे महालक्ष्मी मंदिर उभे राहिले ते १८१८ मध्ये. त्याच्या सहाच वर्षे आधी, १८१२ साली, इन्क्विझिशनचे न्यायासन कायमचे बंद झाले होते. अडीचशे वर्षे चाललेल्या या न्यायासनाने अन्नाकडे किती बारकाईने पाहिले, हे अ. का. प्रियोळकरांनी १९६१ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात कागदपत्रांनिशी दाखवून दिले आहे. १७३६ सालच्या जाहीरनाम्यात नवख्रिस्ती लोकांना ज्या गोष्टी मना केल्या आहेत त्यांत अंगणातली तुळस आहे, धोतर-चोळी आहे आणि भात शिजवताना मीठ न घालता नंतर वरून घेण्याची हिंदूंची रीतही आहे. भातात मीठ केव्हा पडले यावरून माणसाचा धर्म ओळखायचा! सत्तेला स्वयंपाकघराचे महत्त्व इतिहासकारांच्या आधी कळते, ते असे.

भिंत दुसऱ्या बाजूनेही तितकीच भक्कम होती. पोर्तुगीजांबरोबर पाव आला. जेजुईत पाद्र्यांनी सासष्टीच्या ख्रिस्ती मंडळींना तो भाजायला शिकवले आणि आंबवण्यासाठी माडाची सूर वापरली गेली, असे परंपरा सांगते. सूर घातलेला आणि बाटलेल्याच्या हातचा म्हणून हिंदू घरात पाव दीर्घकाळ निषिद्ध राहिला. पाव टाकलेल्या विहिरीचे पाणी प्यायल्याने अख्खा वाडा बाटल्याच्या कथा कोकण-गोव्यात घरोघर ऐकू येतात. त्या किती खऱ्या याचा निर्णय येथे करण्याची गरज नाही. पावाचा तुकडा जात घालवू शकतो, हा विश्वास मात्र पक्का होता. अशा समाजात बाहेर जेवण्याची जागा म्हणजे एक तर नातलगाचे घर किंवा देवळाची अग्रशाळा. मंगेशी, शांतादुर्गा यांच्या अग्रशाळांत यात्रेकरू उतरत, उत्सवात पंगती उठत. पण पंगत म्हणजे क्रम आला, कोण कोणाच्या ओळीत हे ठरलेले आले. कचेरीच्या किंवा कोर्टाच्या कामासाठी पणजीला आलेल्या खेडुताला तर अग्रशाळाही जवळ नव्हती.

हे चित्र बदलले १९१० नंतर. ५ ऑक्टोबर १९१० रोजी पोर्तुगालमध्ये राजेशाही संपून प्रजासत्ताक आले, १९११ मध्ये धर्मसंस्था आणि राज्य यांची फारकत झाली आणि गोव्यातील हिंदूंना बरोबरीचे नागरी हक्क मिळाले. एकतीस जानेवारी रस्त्याचे नाव याच घडामोडीची खूण आहे. पर्यटकांच्या पुस्तकांतून त्या तारखेचा संबंध पोर्तुगाल स्पेनपासून स्वतंत्र झाला त्याच्याशी लावलेला आढळतो. तो चुकीचा आहे; ती घटना १ डिसेंबर १६४० ची. ३१ जानेवारी हा १८९१ साली पोर्तो शहरात झालेल्या, फसलेल्या प्रजासत्ताकवादी उठावाचा दिवस आहे. ज्या राजवटीने हिंदूंना राजधानीचे दार उघडून दिले तिचेच स्मरण या रस्त्याच्या पाटीवर आहे, हे आमच्या वाचकांनी तेथे मासळीच्या जेवणासाठी जाताना ध्यानात ठेवावे.

दार उघडताच हिंदू समाज शाळा, वाचनालये आणि दुकाने यांच्या मागे लागला. त्याची पूर्वतयारी थोडी आधीच झाली होती. पणजीची मुष्टिफंड संस्था १९०८ सालची. नावच सांगते की घरोघर मूठमूठ तांदूळ गोळा करून शाळा चालवावी, ही तिच्यामागची कल्पना. आणि १९१३ साली, प्रजासत्ताकाला पुरती तीन वर्षे होतात न होतात तोच, पालिका उद्यानालगतच्या गल्लीत ‘कॅफे टाटो’ सुरू झाला. त्यामागून ‘भोसले’ आला, १९३२ मध्ये ‘सेंट्रल’ आला. ‘कॅफे’ हा शब्द पोर्तुगीज रुबाबाचा, पण आतला चहा, भाजी आणि मालकही हिंदू. सरकारी नोकरीत शिरलेले कारकून, शिक्षक, वकिलांकडे आलेली कुळे, फेरीबोटीने पलीकडून आलेले व्यापारी यांना आता टेकायला जागा मिळाली. तोवर गोव्यातील सकाळचे खाणे म्हणजे दहाच्या सुमारास लोणच्याबरोबर किंवा सुक्या मासळीबरोबर घ्यायची पेज. पेज घरीच होते, ती कचेरीच्या वेळेशी जुळत नाही आणि खिशातून नेता येत नाही. चहा आणि भाजीपाव या जोडीने न्याहारीची वेळ, जागा आणि सोबत, तिन्ही बदलले.

या भाजीपावाकडे जरा निरखून पाहिले पाहिजे. मुंबईच्या पावभाजीशी त्याची सोयरीक लावू नये. येथे भाजी म्हणजे बटाट्याची सुकी भाजी, वाटाण्याची किंवा चवळीची पातळ भाजी, नारळाच्या वाटणाचे तोणाक, टोमॅटोची भाजी. दोन भाज्या एकत्र हव्या असतील तर ‘मिक्स’. सोबत उंडो किंवा कातरो पाव, नाही तर कोंड्याची पोळी, आणि बशीच्या कडेला एक मिरचीचे भजे. गोड लागलेच तर मंगळुरी बन. आता हिशेब करावा. बटाटा, टोमॅटो आणि मिरची अमेरिका खंडातून पोर्तुगीजांच्या जहाजांनी आणलेली, ‘बटाटा’ आणि ‘पाव’ हे शब्दसुद्धा त्यांचेच, पाव भाजणारा पोदेर ख्रिस्ती, फोडणी आणि वाटण हिंदू स्वयंपाकघरातले. ज्या पावाने जात जाते असे आजी सांगत होती तोच नातू कॅफेत बसून बटाट्याच्या भाजीबरोबर खाऊ लागला आणि कोणी त्याला वाळीत टाकले नाही. सहभोजनाची व्याख्याने ज्या काळात अन्यत्र होत होती त्या काळात पणजीत ही गोष्ट व्याख्यानाशिवाय घडत होती. आमच्या मते गोमंतकातील सामाजिक सुधारणेच्या इतिहासात या बशीला तिच्या योग्यतेचे स्थान अद्याप मिळालेले नाही.

पालिका उद्यानाला गार्सिया द ऑर्ता याचे नाव आहे, हाही एक विलक्षण योग. हा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहिला आणि १५६३ साली येथेच छापलेल्या आपल्या संवादरूप ग्रंथात त्याने हिंदुस्थानातील औषधी द्रव्ये, मसाले आणि फळे यांची माहिती दिली. नारळ, आंबा, चिंच त्यात आहेत आणि हिंगही आहे. हिंदू लोक तो जेवणात घालतात याची त्याने नोंद घेतली आहे. मूळचा यहुदी घराण्यातला. १५६८ मध्ये वारला, पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला इन्क्विझिशनने जाळले आणि १५८० मध्ये त्याचीही हाडे उकरून जाळली. त्याच्या नावाच्या बागेभोवती आज हिंगाच्या फोडणीचा वास दरवळतो.

टेबलाची फार भलामण करणेही बरोबर नाही. टेबलावर बसायला खिशात नाणे लागे, आणि भाटकाराच्या जमिनीत राबणाऱ्या मुंडकाराकडे ते क्वचित असे. चहाच्या दुकानांतून दलितांसाठी वेगळे पेले ठेवण्याची चाल देशात सर्वत्र होती. गोवा तिला अपवाद असेल असे समजण्याचे कारण नाही. स्त्रियांच्या दृष्टीने तर ही जागा फार काळ नव्हतीच. कॅफे हा पुरुषांचा फड होता. पुरुषाने बाहेर पाव खावा आणि घरी सोवळे तिने सांभाळावे, अशी ती वाटणी होती. ज्या कुटुंबांनी आपला मुलूख सोडून इंदूर-बडोद्याला शे-दोनशे वर्षे काढली त्यांना हे नव्याने सांगायला नको. माणसाचा पोशाख आधी बदलतो, बोली नंतर, आणि देवघरालगतची चूल सर्वांत शेवटी.

भाजीपाव ही न्याहारी झाली. दुपारच्या जेवणासाठी खाणावळी होत्या आणि त्यांतली ‘आनंदाश्रम’ एकतीस जानेवारी रस्त्यावर आहे. या नावाची खाणावळ पाहिली नाही असा आमचा वाचक विरळा. ‘आश्रम’ म्हटले की जेवण सात्त्विक असेल, अशी समजूत करून घेऊन घाटावरचा पाहुणा आत शिरतो आणि ताटात तळलेला बांगडा पाहून दचकतो. गोव्याच्या सारस्वत ब्राह्मणांना मासळी वर्ज्य नाही. तिला सोमवार आणि श्रावण वर्ज्य आहेत. ताटात उकड्या तांदळाचा भात, तेफळ घातलेले बांगड्याचे किंवा सुंगटांचे हुमण, तिसऱ्यांचे सुके, सुक्या सुंगटांची किसमूर, रव्यात घोळून तळलेली एखादी तुकडी, एक भाजी आणि सोलकढी. एवढ्या वस्तू घरी एका वेळी रोज होत नाहीत. ही रचना खाणावळीची आहे. थाळी ही घरच्या जेवणाची नक्कल आहे असे मानतात. ती नक्कल नसून निवड आहे, असे आम्ही म्हणू. पाच घरांतल्या चांगल्या गोष्टी तिने एका ताटात आणल्या. जून आणि जुलै हे दोन महिने यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. त्या दिवसांत जाणाऱ्याने नदीची मासळी, तिसऱ्या आणि खारवलेली मासळी यांवर भर द्यावा. इसवणाचा हट्ट धरू नये.

या ताटावर एकदा मोठे संकट आले, आणि बेळगावकर वाचकांना त्यात रस वाटेल. गोव्याचा भाजीपाला पूर्वापार घाटावरून उतरतो. आजही बेळगावची गाडी चुकली तर पणजीच्या बाजारात कोथिंबीर महागते. १९५४-५५ मध्ये भारत सरकारने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली. ऑगस्ट १९५५ मधील सत्याग्रहींवरील गोळीबारानंतर सीमा आणि रेल्वेही बंद झाली. तेव्हा पोर्तुगीज सरकारने बटाटे हॉलंडहून, तांदूळ पाकिस्तानातून आणि चहा सिलोनहून आणवला. बेळगाव शे-सव्वाशे किलोमीटरवर, आणि बटाटा येतोय युरोपातून! सहा वर्षे पणजीच्या कॅफेंतली बटाट्याची भाजी डच बटाट्यांवर चालली म्हणायची. राजकारणाचा हा विनोद इतिहासाच्या पुस्तकांत एका ओळीत उरकला जातो. खाणावळ चालवणाऱ्याला तो रोज सकाळी सोसावा लागला असेल.

ख्रिस्ती पणजीची खाद्यगृहे हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. येथे ओझरता उल्लेख पुरे. उद्यानासमोरचा ‘मिस्टर बेकर’ १९२२ चा, नावातच साल मिरवणारा. एकतीस जानेवारी रस्त्यावर लाकडी सज्जाची ‘व्हेनिते’ आणि त्याच रस्त्याचे नाव धारण करणारी जुनी बेकरी. बेबिंका, दोदोल घ्यावे ते अशा ठिकाणी. मांडवीकाठचे ‘हॉटेल मांडवी’ १९५२ मध्ये सेंट झेवियरच्या शवदर्शन सोहळ्याला येणाऱ्या बड्या पाहुण्यांसाठी उघडले गेले. सामान्य पणजीकराने ते बाहेरूनच पाहिले. तावेर्न होते ते कष्टकऱ्यांचे. तेथे शेजारी बसणाऱ्याची जात विचारण्याइतके भान कोणाला उरत नसे, असे विनोदाने म्हणतात. समानतेचा तोही एक मार्ग असेल.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि सीमा उघडताच दोन गोष्टी एकदम आल्या : भारतीय अधिकारी आणि उडपी हॉटेले. शाकाहारी कारकुनाला इडली-डोसा मिळू लागला, उद्यानाच्या कडेला ‘कामत’ उभे राहिले आणि जुन्या कॅफेंनीही आपल्या फळ्यावर डोशाला जागा दिली. २४ मार्च १९६२ पासून ‘गोमन्तक’ निघू लागला. महाराष्ट्रात विलीन व्हावे की न व्हावे हा वाद पेटला तेव्हा विलीनीकरणाच्या विरोधात झुंजणारा ‘राष्ट्रमत’ही मराठीतच निघत होता. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात १,७२,१९१ मते संघप्रदेशाच्या बाजूने आणि १,३८,१७० विलीनीकरणाच्या बाजूने पडली. घरी कोंकणी बोलणारी, मराठीत वाचणारी आणि ‘कॅफे’ अशी पाटी लावलेल्या दुकानात चहा पिणारी ही माणसे एका शब्दात कशी बसवावी, हा पेच त्या आकड्यांनीही सुटला नाही. बेळगावच्या सीमाभागात हाच पेच वेगळ्या रूपाने अजून जिवंत आहे.

गेल्या वीस वर्षांत या टापूवर दुसऱ्या प्रकारचा भार पडला आहे. २००४ पासून आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव पणजीत भरू लागला, मांडवीत तरंगते कॅसिनो आले, फोंतेन्हासच्या रंगीत भिंतींसमोर छायाचित्रे काढणाऱ्यांची एवढी गर्दी होऊ लागली की रहिवाशांनी तक्रारी केल्या. स्मार्ट सिटीच्या कामांसाठी २०२३-२४ मध्ये रस्ते असे उखडले गेले की चालण्याचे हे गाव काही महिने चालण्याजोगेच उरले नव्हते. भाडी वाढली की पहिला बळी जातो तो कमी पैशात भाजीपाव देणाऱ्या दुकानाचा, कारण त्याचा नफा बशीमागे थोडका आणि गिऱ्हाईक रोजचे. त्याच्या जागी जे येते त्याची पाटी बहुधा पोर्तुगीज असते आणि दरपत्रक परदेशी पाहुण्याला परवडणारे. तेथला पदार्थ वाईट असतो असे नाही. पण सहकारी बँकेचा शिपाई, शाळामास्तर आणि पाहुणा एका टेबलावर कोपराला कोपर लावून बसण्याची सोय तेथे नाही, आणि शंभर वर्षांत पणजीने जे कमावले ते नेमके हेच होते. उकडा भात जाऊन पांढरा भात ताटात येतो, ती तर त्यामानाने लहान गोष्ट.

मिरामारविषयी दोन शब्द. हा किनारा जुन्या पणजीच्या खाण्यापिण्याचा भाग कधीच नव्हता. गास्पार दियश हे त्याचे जुने नाव, आणि लोक तेथे संध्याकाळी वारा खायला जात. आज वाळूवर भेळेच्या आणि आइस्क्रीमच्या गाड्या लागतात, जवळच दयानंद बांदोडकर यांची समाधी आहे. वाटेत कांपालला चार्ल्स कोरिया यांनी आराखडा केलेली कला अकादमी लागते. समुद्र पाहावा मिरामारला आणि जेवायला मागे गावात यावे, हा आमचा सल्ला. मात्र वेळा सांभाळाव्यात. पणजीची दुपारची झोप पोर्तुगीजांबरोबर गेली नाही. दीडनंतर जुनी दुकाने मिटू लागतात आणि मासळीचे ताट साडेबाराला गाठलेले बरे. भाजीपावासाठी सकाळी आठच्या सुमारास यावे, तेव्हा पोदेराची पहिली टोपली नुकतीच रिकामी झालेली असते आणि पाव अजून ऊन असतो. रविवारी येऊ नये. बहुतेक जुनी दारे त्या दिवशी बंद असतात.